हरणाऱ्या संघातले तरुण पिचर : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

शिकागो व्हाइट सॉक्स या बेसबॉल संघाने २०२४ च्या हंगामात १६२ पैकी १२१ सामने गमावले. आधुनिक काळात एका हंगामात इतके पराभव कोणत्याही संघाच्या वाट्याला आले नव्हते. १९६२ साली न्यूयॉर्क मेट्सने गमावलेल्या १२० सामन्यांचा आकडाही त्यामुळे मागे पडला. पुढच्या, म्हणजे २०२५ च्या हंगामात हाच संघ ६० सामने जिंकला आणि १०२ हरला. या संघाच्या पुनर्बांधणीविषयी वाचकांनी जे प्रश्न पाठवले, त्यांतील बहुतेक तरुण पिचरांविषयी आहेत, म्हणून या वेळचे सदर त्यांनाच दिले आहे. बेसबॉल नव्याने पाहू लागलेल्या वाचकांसाठी इतकेच सांगतो, की सामना नऊ इनिंगचा असतो, प्रत्येक इनिंगमध्ये समोरच्या संघाचे तीन जण बाद करावे लागतात, बॅटरला चेंडू टाकणाऱ्याला पिचर म्हणतात, सामन्याची सुरुवात करणारा पिचर म्हणजे स्टार्टर साधारण पाच दिवसांतून एकदा खेळतो आणि त्याच्यानंतर येणाऱ्यांना रिलिव्हर म्हणतात.

प्रश्न : २०२४ मध्ये व्हाइट सॉक्सकडे एकच पिचर खऱ्या अर्थाने चांगला होता, तो गॅरेट क्रोशे. संघ रोज हरत असताना नेमके त्यालाच चार इनिंग झाल्या की बाहेर बसवत होते. आपल्याकडे असा गोलंदाज असता तर कर्णधाराने पुन्हा पुन्हा त्याच्याच हाती चेंडू दिला असता. याला काय म्हणावे?
एक वाचक, पुणे

उत्तर : आपली तळमळ मला कळते, कारण त्या वर्षी क्रोशे टाकत असेल तेवढाच वेळ तो संघ पाहावासा वाटत असे. हंगामाच्या पहिल्याच दिवशी त्याने डेट्रॉइटविरुद्ध सहा इनिंगमध्ये एकच धाव दिली आणि संघ १-० असा हरला. पुढच्या सहा महिन्यांची कथा त्या एका दुपारीच सांगून झाली होती.

मात्र तो सामना क्रोशेचा मोठ्या संघातला स्टार्टर म्हणून पहिलाच सामना होता, हे लक्षात घ्यायला हवे. २०२० ते २०२३ या काळात त्याने मेजर लीगमध्ये, म्हणजे सर्वांत वरच्या पातळीवर, एकूण ७३ इनिंग टाकल्या होत्या, त्याही सगळ्या रिलिव्हर म्हणून, आणि २०२२ चा संपूर्ण हंगाम तर कोपराच्या शस्त्रक्रियेमुळे वाया गेला होता. असा माणूस जुलैच्या मध्यापर्यंतच शंभराहून अधिक इनिंग टाकून बसला, तेव्हा संघाने हात आखडता घेतला आणि उरलेल्या हंगामात त्याला दर वेळी चार किंवा त्याहून कमी इनिंग दिल्या. वर्षअखेरीस त्याच्या नावावर १४६ इनिंग आणि २०९ स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅटर, होते. पुढच्या वर्षी बॉस्टनकडून खेळताना त्याने २०५ इनिंग टाकल्या आणि २५५ स्ट्राइकआउट घेतले. पहिल्या वर्षी हात राखून वापरला म्हणूनच दुसरे वर्ष असे गेले, असे कोणालाही सिद्ध करता येणार नाही. पण सगळे ओझे एकाच वर्षात टाकण्यापेक्षा टप्प्याटप्प्याने वाढवणे शहाणपणाचे होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

क्रिकेटशी तुलना करताना एक फरक ध्यानात ठेवावा. क्रिकेटमध्ये गोलंदाजाचा हात कोपरात सरळ राहतो, त्यामुळे वेगवान गोलंदाजाचे मोठे दुखणे बहुधा पाठीचे असते. पिचरचा हात मागे जाताना कोपरात दुमडलेला असतो आणि तो पुढे झेपावतो त्या क्षणी कोपराच्या आतल्या बाजूच्या एका लहानशा अस्थिबंधावर सगळा ताण येतो. तो अस्थिबंध फाटला की हातातला किंवा पायातला दुसरा स्नायुबंध काढून तिथे बसवावा लागतो आणि खेळाडू वर्ष-दीड वर्ष मैदानाबाहेर जातो. ही शस्त्रक्रिया १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी लॉस एंजेलिस डॉजर्सचा पिचर टॉमी जॉन याच्यावर पहिल्यांदा केली आणि आजही ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. जॉनने त्यानंतर आणखी १६४ सामने जिंकले, म्हणून ती वरदान ठरली हे खरे. पण प्रत्येकाचा हात पूर्वीसारखा परत येतोच असे नाही. ऑगस्टमधल्या आणखी एका पराभवाचे रूपांतर विजयात करण्यासाठी तो अस्थिबंध पणाला लावावा, असे मला तरी वाटत नाही.

प्रश्न : इतके जपलेच होते, तर हंगाम संपताच क्रोशेला बॉस्टनला का देऊन टाकले? हे म्हणजे आपल्या हाताने लावलेले झाड फळ धरताना शेजाऱ्याला देण्यासारखे झाले.
एक वाचिका, ठाणे

उत्तर : शेजाऱ्याने त्याची किंमत मोजली आहे. डिसेंबर २०२४ मध्ये क्रोशेच्या बदल्यात कॅचर (पिचरचा चेंडू झेलणारा) काइल टील, आउटफिल्डर ब्रेडन मॉन्टगोमेरी, इनफिल्डर चेस माइडरॉथ आणि पिचर विकेलमन गोन्झालेझ असे चौघे तरुण शिकागोला मिळाले. मेजर लीगमध्ये खेळाडू पूर्ण सहा वर्षांची सेवा झाल्यावर करारमुक्त होतो, आणि क्रोशेची त्यांतली दोनच वर्षे उरली होती. १२१ सामने हरलेला संघ त्या दोन वर्षांत अजिंक्यपदाच्या जवळपास पोहोचेल, असे संघाच्या कडव्या चाहत्यालाही वाटत नव्हते. म्हणजे थांबले असते तर दोन वर्षांनी क्रोशे गेलाच असता आणि हाती फारसे काही उरले नसते.

या व्यवहारातली मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट म्हणजे टील. तरुण पिचरांचा संघ बांधायचा, तर त्यांच्या चेंडूंशी रोजचा परिचय असणारा, त्यांच्याबरोबरच वाढणारा कॅचर हवा. पुढचा चेंडू कोणता टाकायचा हे कॅचर सुचवतो, भरकटलेला चेंडू अंगावर घेतो, आणि पोराचा धीर सुटतो आहे असे दिसले की मुखवटा डोक्यावर सरकवून सावकाश चालत त्याच्यापाशी जातो. या चालण्यातले वीस-पंचवीस सेकंद पिचरला श्वास घ्यायला मिळतात. चांगला कॅचर ही पिचरांमधलीच गुंतवणूक आहे, आणि म्हणून आपल्या झाडाच्या उदाहरणात मी एवढीच भर घालेन, की एक झाड देऊन विहीर घेतली आहे. तिला पाणी किती लागते, ते कळायला अजून काही हंगाम जावे लागतील.

प्रश्न : एखादा तरुण पिचर सतत मार खात असेल, तर त्याला किती दिवस सहन करायचे? हरणारा संघ म्हणून काहीही खपवून घ्यायचे का?
एक वाचक, नाशिक

उत्तर : माझ्या दृष्टीने पुनर्बांधणीतला सर्वांत अवघड प्रश्न हाच आहे, आणि त्याचे उत्तर देताना मला याच संघाच्या आधीच्या पुनर्बांधणीतील लुकस जिओलिटोची आठवण होते.

डिसेंबर २०१६ मध्ये व्हाइट सॉक्सने आउटफिल्डर अ‍ॅडम ईटनच्या बदल्यात वॉशिंग्टनकडून तीन तरुण पिचर घेतले, त्यांतला जिओलिटो हा सर्वांत गाजावाजा झालेला. २०१८ मध्ये त्याला पूर्ण हंगाम स्टार्टर म्हणून खेळवले आणि त्या हंगामात तो अक्षरशः वाईट खेळला. नऊ इनिंगमागे सरासरी ६.१३ धावा दिल्या. पूर्ण हंगाम खेळलेल्या स्टार्टरांमध्ये यापेक्षा वाईट सरासरी कोणाचीही नव्हती. ९० जणांना त्याने वॉक दिले, म्हणजे चार चेंडू नेमापलीकडे टाकून पहिला बेस फुकट दिला, आणि मेजर लीगच्या दोन भागांपैकी अमेरिकन लीगमध्ये तो आकडा सर्वांत मोठा होता. संघ शंभर सामने हरला. अशा पिचरला जूनमध्येच मायनर लीगमध्ये, म्हणजे खेळाडू तयार करणाऱ्या खालच्या लीगमध्ये, धाडावे, असे म्हणणाऱ्यांची कमतरता नव्हती आणि त्यांचे म्हणणे वरवर पाहता चुकीचेही नव्हते. तरीही संघाने त्याला ३२ सामन्यांत सुरुवातीचा चेंडू दिला आणि १७३ इनिंग टाकू दिल्या.

त्या इनिंगमधून जिओलिटोला एक गोष्ट पक्की कळली, ती ही की दोष चेंडूत नसून हाताच्या फिरण्यात आहे. पूर्वी त्याचा हात चेंडूसह खाली मांडीमागे जाई, तिथून मोठा वळसा घेऊन वर येई, आणि इतक्या लांबच्या प्रवासात दर वेळी वेळ चुके. कधी चेंडू लवकर सुटे, कधी उशिरा. त्या हिवाळ्यात त्याने हा वळसा तोडून टाकला. चेंडू ग्लव्हमधून निघाला की कोपर दुमडून थेट कानापाशी, जसा कॅचर दुसऱ्या बेसकडे फेकण्यासाठी हात उचलतो तसा. शाळेतले त्याचे जुने प्रशिक्षक ईथन कॅट्झ या कामात त्याच्या पाठीशी होते. पुढे तेच व्हाइट सॉक्सचे पिचिंग प्रशिक्षक झाले. २०१९ मध्ये सरासरी ३.४१ वर आली, स्ट्राइकआउट २२८ झाले आणि तो ऑल-स्टार, म्हणजे लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या संघात निवडला गेला. २५ ऑगस्ट २०२० रोजी, साथीमुळे प्रेक्षकांविना रिकाम्या असलेल्या शिकागोच्या स्टेडियममध्ये, त्याने पिट्सबर्गला एकही हिट, म्हणजे फटक्यावर बेस गाठण्याची संधी, न देता संपूर्ण सामना एकट्याने टाकला.

जिंकणाऱ्या संघाला जिओलिटोचे २०१८ चे वर्ष परवडले नसते. त्याने तिसऱ्या आठवड्यात त्याला बसवले असते, आणि त्या संघाच्या बाजूने ते बरोबरही ठरले असते, कारण त्याला ऑक्टोबरमधल्या बाद फेरीत खेळायचे असते. हरणाऱ्या संघाकडे पैसा, नाव, प्रेक्षक यांतले काहीच भरपूर नसते, पण इनिंग भरपूर असतात. हंगामाला साडेचौदाशे इनिंग कोणाला तरी टाकाव्याच लागतात. त्या इनिंग कोणाला दिल्या, यावरून पुनर्बांधणी मनापासून चालली आहे की नुसते दिवस ढकलणे, हे मी ओळखतो. एका वर्षाच्या करारावर आणलेल्या पस्तिशीच्या पिचरला त्यांतल्या बहुतेक दिल्या, तर पराभव थोडे कमी होतील, पण शिकणारा कोणीच उरणार नाही.

मात्र काहीही खपवून घ्यायचे का, या आपल्या प्रश्नाला माझे उत्तर नाही असे आहे. दिलेल्या धावांपेक्षा मी दुसऱ्याच गोष्टी पाहतो. पहिल्या इनिंगमधला वेग चौथ्या इनिंगमध्ये टिकतो का, पहिला चेंडू स्ट्राइक पडतो का, मागच्या महिन्यात नसलेला एखादा चेंडू या महिन्यात दिसतो का, आणि धावा गेल्यावर पोरगा पुढच्या बॅटरला घाबरून कडेकडेने टाकू लागतो की तसाच मधे टाकतो. यांतले काहीच सुधारत नसेल, किंवा वेग उतरू लागला असेल, तर त्याला मोठ्या स्टेडियममध्ये उभे करून मार खायला लावण्यात कसलेही धोरण नाही. तिथे मायनर लीगमधली शांतता अधिक उपयोगी पडते.

जिओलिटोच्या त्या पुनर्बांधणीत मायकेल कोपेकही होता, हे सांगितले नाही तर चित्र अर्धेच राहील. संघाचा प्रमुख पिचर क्रिस सेल याच्या बदल्यात आलेला हा जबरदस्त वेगाचा पिचर ऑगस्ट २०१८ मध्ये पहिला सामना खेळला आणि चौथ्या सामन्यानंतर त्याच्या कोपराचा अस्थिबंध फाटला. त्याच्या बाबतीत घाई झाली असेही म्हणता येत नाही, कारण संघाने त्याला पुष्कळ थांबवून आणले होते.

प्रश्न : मग त्या पुनर्बांधणीतून मिळाले काय? आणि आता दुसऱ्यांदा तेच सांगतात, तर विश्वास का ठेवावा?
एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : २०२० आणि २०२१ असे दोन हंगाम संघ बाद फेरीत पोहोचला, २०२१ मध्ये ९३ सामने जिंकून गटात पहिला आला, आणि दोन्ही वेळा पहिल्याच मालिकेत बाहेर पडला. २०२२ मध्ये जय-पराजय समसमान, २०२३ मध्ये १०१ पराभव आणि पुढचे आपण जाणताच. पिचर घडले, पण त्यांच्यामागे दुसरी फळी उभी राहिली नाही. जे दुखावले किंवा थकले त्यांच्या जागी कोण, याला उत्तर नव्हते. विश्वास ठेवा असे मी म्हणणार नाही. या वेळी मायनर लीगमध्ये किती पिचर एकामागे एक तयार होत आहेत, एवढेच पाहत राहा. २०२५ च्या हंगामापूर्वीच ड्रू थॉर्प, काइ बुश आणि प्रीलँडर बेरोआ या तिघांना टॉमी जॉन शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. पाच चांगले पिचर हवे असतील तर दहा-बारा घडवायला घ्यावे लागतात, ते याचसाठी.

प्रश्न : आम्ही जर्सी सिटीत राहतो. एक तरुण रिलिव्हर मंगळवारी दोन इनिंग उत्तम टाकतो आणि बुधवारी त्याला खाली मायनर लीगमध्ये पाठवल्याची बातमी येते. चांगले खेळल्याची ही शिक्षा का?
एक वाचिका, न्यू जर्सी

उत्तर : शिक्षा नाही, पण त्या मुलाला ती तशीच वाटत असणार, हे मी नाकारत नाही. संघाच्या दोन याद्या असतात. एक चाळीस जणांची, आणि तिच्यातून त्या दिवशी मैदानात उतरू शकणाऱ्या सव्वीस जणांची. सप्टेंबरात ती अठ्ठावीसची होते. सव्वीसांमध्ये पिचर तेरापेक्षा जास्त ठेवता येत नाहीत. चाळीसांत असलेल्या तरुण खेळाडूला तीन हंगामांपर्यंत खाली-वर करण्याचा हक्क संघाला असतो, त्याला ऑप्शन म्हणतात. ज्याचे ऑप्शन संपले त्याला खाली पाठवायचे तर आधी इतर सर्व संघांपुढे ठेवावे लागते आणि कोणीही त्याला उचलून नेऊ शकतो.

आता समजा मंगळवारचा सामना बरोबरी सुटेना म्हणून बारा इनिंग चालला आणि सगळे रिलिव्हर दमले. बुधवारी ताजा हात हवा, तेरांची मर्यादा आहे, म्हणून कोणाला तरी खाली जायलाच हवे. जो हरवण्याची भीती नाही तोच जातो, म्हणजे ऑप्शन शिल्लक असलेला, आणि बऱ्याचदा तो आदल्या रात्री उत्तम खेळलेलाच असतो, कारण दोन इनिंग टाकल्यामुळे पुढचे दोन-तीन दिवस तो तसाही उपयोगाचा नसतो. खाली पाठवलेला पिचर, कोणी जखमी झाल्याशिवाय, पंधरा दिवस परत आणता येत नाही. एका हंगामात असे पाचपेक्षा जास्त वेळा करता येत नाही, ही मर्यादा २०२२ च्या करारात खेळाडूंच्या संघटनेने मिळवली, आणि ती मिळवली हे फार बरे झाले. त्यापूर्वी एकेका पोराचा हंगाम विमानतळांवर आणि हॉटेलांत जात असे.

यात पैशाचा भागही लहान नाही. २०२५ मध्ये मेजर लीगचे किमान वार्षिक वेतन ७,६०,००० डॉलर होते, म्हणजे हंगामातल्या दिवसाला सुमारे चार हजार. शार्लटला, म्हणजे व्हाइट सॉक्सच्या सर्वांत वरच्या मायनर लीग संघात, ते मिळत नाही. चाळीसांच्या यादीत नसलेल्यांसाठी त्या पातळीचे किमान वेतन २०२३ च्या करारापूर्वी वर्षाला १७,५०० डॉलर होते, ते ३५,८०० झाले. बुधवारी सकाळी बॅग भरणाऱ्या त्या मुलाचा हिशेब या आकड्यांमध्ये आहे.

प्रश्न : तयार झालेल्या पिचरलाही एप्रिलमध्ये वर न आणता महिनाभर खाली ठेवतात, ते करारमुक्तीचे वर्ष पुढे ढकलण्यासाठी, असे वाचले. हे खरे आहे का?
एक वाचक, औरंगाबाद

उत्तर : घडत आले आहे. हंगामात १७२ दिवस मोठ्या संघात काढले की सेवेचे एक वर्ष मोजले जाते. काही आठवडे उशिरा आणले की ते वर्ष अपुरे राहते आणि संघाला खेळाडू आणखी एक वर्ष मिळतो. पिचरच्या बाबतीत बाहेरून हे ओळखणे कठीण जाते, कारण हात राखण्यासाठीही त्याला खाली ठेवावे लागते. मला त्यातली एकच खूण भरवशाची वाटते: खाली असताना त्याच्या इनिंग खरोखर मोजून-मापून वाढवल्या जात आहेत का. पिट्सबर्गने पॉल स्कीन्सला २०२४ मध्ये ११ मे रोजी वर आणले. त्यापूर्वी त्याला मायनर लीगमध्ये थोड्या थोड्या इनिंग देऊन वाढवत नेले होते. तो नॅशनल लीगचा वर्षातला सर्वोत्तम नवा खेळाडू ठरला आणि २०२२ च्या करारातील नियमानुसार, उशिरा येऊनही, त्याला पूर्ण वर्षाची सेवा मिळाली. त्या नियमामुळे मुद्दाम उशीर करण्यातला लाभ काही प्रमाणात तरी कमी झाला आहे.

प्रश्न : व्हाइट सॉक्सच्या शेन स्मिथला म्हणे दुसऱ्या संघाकडून केवळ एक लाख डॉलरला उचलले. असे उचलता येते?
एक वाचक, सोलापूर

उत्तर : येते, आणि पुनर्बांधणीतल्या संघाला मिळालेली ही फार मोठी सोय आहे. मायनर लीगमध्ये चार-पाच हंगाम काढलेल्या खेळाडूला त्याच्या संघाने चाळीसांच्या यादीत घेतले नाही, तर डिसेंबरात होणाऱ्या रूल फाइव्ह निवडीत दुसरा संघ एक लाख डॉलर भरून त्याला घेऊ शकतो. अट अशी, की पुढचा संपूर्ण हंगाम त्याला मोठ्या संघातच ठेवायचे. खाली पाठवायचे तर आधी इतर सर्व संघांपुढे ठेवायचे, आणि कोणी घेतले नाही तर मूळ संघाला निम्म्या पैशात परत देऊ करायचे. जिंकू पाहणाऱ्या संघाला न शिकलेल्या पोरासाठी सव्वीसांतली एक जागा सहा महिने अडवून ठेवणे परवडत नाही. हरणाऱ्या संघाला परवडते.

स्मिथला महाविद्यालयातून बाहेर पडताना नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत कोणीही निवडले नव्हते. मिलवॉकीने त्याला निवडीबाहेर करारबद्ध केले होते. डिसेंबर २०२४ मध्ये शिकागोने त्याला पहिल्या क्रमांकावर उचलले, रिलिव्हर न ठेवता स्टार्टर केले, आणि २०२५ च्या ऑल-स्टार सामन्यासाठी त्या संघातून निवडला गेलेला तो एकमेव खेळाडू ठरला. त्याच निवडीत फिलाडेल्फियाने घेतलेला आणि टँपा बेमार्गे मार्चमध्ये शिकागोला आलेला माइक व्हासिल यानेही, बहुतेक वेळा रिलिव्हर म्हणून, शंभराहून अधिक इनिंग टाकल्या.

या नियमाची माझी सर्वांत आवडती कथा मात्र योहान सान्तानाची. १९९९ च्या निवडीत ह्यूस्टनकडून सुटून तो मिनेसोटाला आला. २००० च्या हंगामात त्याने नऊ इनिंगमागे ६.४९ धावा दिल्या, आणि मिनेसोटाने ९३ सामने हरत त्याला पूर्ण वर्ष सांभाळले. २००४ आणि २००६ मध्ये तो अमेरिकन लीगचा सर्वोत्तम पिचर ठरला.

प्रश्न : नव्या खेळाडूंच्या पुढच्या वार्षिक निवडीत पहिला क्रमांक मिळावा म्हणून हे संघ मुद्दाम हरतात, असे नाही का?
एक वाचक, नागपूर

उत्तर : खेळाडू हरायला उतरत नाहीत; पण संघ उभा करणारे लोक कमकुवत संघ उभा करू शकतात आणि त्याचे बक्षीस पूर्वी मिळत असे. आता पहिले सहा क्रमांक सोडतीने ठरतात, आणि लागोपाठच्या वर्षी सोडतीत भाग घेण्यावर निर्बंध आहेत. १२१ सामने हरूनही व्हाइट सॉक्सला २०२५ मध्ये या निर्बंधांमुळेच दहावा क्रमांक मिळाला. हा नियम मला योग्य वाटतो.

प्रश्न : आम्ही नेपरव्हिलला राहतो. माझा तेरा वर्षांचा मुलगा शाळेच्या आणि बाहेरच्या अशा दोन संघांतून पिचिंग करतो. शनिवारी एकीकडे, रविवारी दुसरीकडे. हात दुखत नाही म्हणतो. दोन्ही प्रशिक्षक म्हणतात, दणकट आहे, टाकू द्या. काय करावे?
एक पालक, इलिनॉय

उत्तर : रविवारचे पिचिंग या आठवड्यापासून थांबवावे. मेजर लीग आणि अमेरिकेची राष्ट्रीय बेसबॉल संस्था यांनी मिळून आखलेल्या मार्गदर्शक नियमांनुसार तेरा-चौदा वर्षांच्या मुलाने एका दिवशी जास्तीत जास्त ९५ चेंडू टाकावेत, आणि ६६ किंवा अधिक टाकले असतील तर चार दिवस पूर्ण विश्रांती घ्यावी. म्हणजे शनिवारी सत्तर चेंडू टाकले तर तो पुन्हा गुरुवारी टाकू शकतो. एकवीस ते पस्तीस चेंडू टाकले तरी एक दिवस जाऊ द्यावा लागतो. ही मोजणी मुलाच्या हाताची असते, संघाची नव्हे; दोन संघांतले चेंडू एकत्र धरायचे, आणि नेमके तेच कोणी धरत नाही, कारण एका प्रशिक्षकाला दुसऱ्याकडे काय झाले ते माहीत नसते. पिचिंग केलेल्या दिवशी त्याला कॅचर म्हणून बसवू नये, कारण कॅचरलाही प्रत्येक चेंडू परत फेकावा लागतो. वर्षातले चार महिने पिचिंग बंद असावे आणि त्यांतले दोन-तीन महिने तरी सलग, खांद्यावरून फेकण्याचे काहीच नसावे.

दुखते का, असे विचारले तर या वयाचा मुलगा नाही म्हणणारच, कारण हो म्हटले की जागा जाईल हे त्याला ठाऊक असते. त्यापेक्षा सामना पाहताना त्याच्या कोपराकडे पाहा. पहिल्या इनिंगमध्ये ते खांद्याच्या रेषेत असते. थकला की ते खाली उतरते, चेंडू वर-वर जाऊ लागतात, आणि दोन चेंडूंच्या मधे तो हात झटकू लागतो किंवा उगाच बुटाची नाडी बांधू लागतो. हे दिसले की चेंडूंची संख्या कितीही कमी असली तरी त्याला बाहेर घ्यायला सांगावे. दुसऱ्या दिवशी सकाळी कोपराच्या आतल्या बाजूला बोट ठेवून हळूच दाबून पाहा, आणि तो हात मागे ओढत असेल तर प्रशिक्षकाला न विचारता थेट क्रीडावैद्यकाच्या डॉक्टरांकडे न्या. एका छोट्या वहीत तारीख, संघ आणि चेंडूंची संख्या लिहीत जा, आणि प्रत्येक सामन्याआधी ते पान त्या दिवशीच्या प्रशिक्षकाला स्वतः दाखवा.